श्वासांचा रकाना

इस्पितळातले रुग्ण त्यांना 'झोपवणाऱ्या बाई' म्हणत आणि हे नाव बाईंना मनापासून आवडत असे. भूलतज्ज्ञ म्हटले की दारावरची पाटी डोळ्यांपुढे येते. झोपवणाऱ्या बाई म्हटले की उशाशी बसलेले कुणीतरी दिसते. वीस वर्षे त्या अशा उशाशी बसत आल्या होत्या. मात्र गेल्या तीन वर्षांपासून त्यांच्या कानात एक सूर होता, आणि त्याबद्दल त्या कुणाशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

तो सूर यंत्राचा होता. रुग्णाच्या बोटाला चिमटा लावला की पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उमटतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला यंत्र एक स्वर काढते. आकडा शंभराच्या जवळपास असेपर्यंत हा स्वर उंच आणि स्वच्छ असतो. ऑक्सिजन उतरू लागला की स्वरही पायरीपायरीने खाली येतो, आणि पाठमोऱ्या उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाची मानसुद्धा आपोआप यंत्राकडे वळते. या कामातली माणसे झोपेत दचकतात ती त्या उतरत्या सुराने. बाई दचकत त्या न उतरणाऱ्या सुराने. मागे येणाऱ्या मालमोटारीच्या इशाऱ्यात, लिफ्टच्या मजल्यामजल्यावर, शेजारच्या घरातल्या धुलाईयंत्रात तो त्यांना गाठे. उंच, स्वच्छ आणि समाधानी. बाई जागच्या जागी थबकत, आता तरी तो खाली येईल म्हणून कान देत. तो येत नसे.

त्या शनिवारी सकाळी फोन वाजला. दर सहा महिन्यांनी येणारा तो फोन त्यांना नंबरावरून नव्हे, पलीकडच्या आवाजांवरून ओळखू येई: पाण्याचा सपसपाट, शिट्टी, उंच छताखाली घुमणारे हसणे.

"नमस्कार डॉक्टर. तलावावरून बोलतेय. निकाल लागला का?"

"अजून नाही. पण याच महिन्यात लागेल."

"बरं. लागला की कळवा हं. बाबांनी सही केली होती ना, म्हणून विचारते."

एवढेच. तिने कधी आवाज चढवला नव्हता की टोमणा मारला नव्हता. बाईंना वाटे, एकदा तरी हिने आपल्याला फाडून खावे. पण ती 'ठेवते' म्हणे आणि ठेवून देई.

तिच्या बाबांनी सही केली होती ती एका अभ्यासाच्या संमतीपत्रावर. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सहा तास मास्कमधून भरपूर ऑक्सिजन दिला तर जखम कमी चिघळते का, आणि असा ऑक्सिजन निर्धोक असतो का, एवढाच त्या अभ्यासाचा प्रश्न. चारशे बारा रुग्ण. बंद पाकीट उघडायचे. आत 'भरपूर' असेल तर मास्क चढवायचा, 'गरजेपुरता' असेल तर आकडा उतरला तरच द्यायचा. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत ज्या खोलीत ठेवतात, तिथे दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यायची: नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचा आकडा आणि मिनिटाला श्वास किती. पहिल्या तिन्ही गोष्टी यंत्र सांगते. श्वास मात्र घड्याळ बघून, छातीवर नजर ठेवून, माणसाने मोजायचे.

विभागप्रमुख असलेले सर अभ्यासाचे प्रमुख होते आणि बाई त्यांचा उजवा हात. नोंदी कशा करायच्या हे सगळ्या नर्सेसना बाईंनीच शिकवले होते. आकडा चुकला तर खोडायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही. वरून एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरी नोंद, तारीख आणि सही. "चूक लपली नाही पाहिजे," असे त्या तेव्हा फळ्यासमोर उभ्या राहून ठासून म्हणाल्या होत्या.

फोन ठेवून त्या आकडेमोडीच्या खोलीकडे निघाल्या. अभ्यासाचे गणित बघणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला सगळे 'सरासरी' म्हणत, आणि तोही फोन उचलताना बिनदिक्कत "सरासरी बोलतोय" असे सांगे. उंच, पाठीत वाकलेला, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस.

"या मॅडम. बसा. त्या खुर्चीवर नको, ती पडते. एक गंमत दाखवतो."

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. आकड्यांची रांगच रांग.

"हा श्वासांचा रकाना. आपल्या इस्पितळातले रुग्ण कुठल्यातरी फौजेतून येत असावेत, असं मला वाटायला लागलंय. म्हातारा असो, तरणा असो, पोट फाडलेला असो, सगळे मिनिटाला सोळाच श्वास घेतात. सोळा, सोळा, सोळा. मधूनच एखाद्याला हुक्की येते आणि तो अठरा घेतो."

बाई हसल्या नाहीत. सरासरीही पुढचे बोलताना हसत नव्हता.

"आणि हे एकेचाळीस फॉर्म. सगळे एकाच सहीचे, तुमच्या मोठ्या सिस्टरांचे. अकरा, बावीस, चौदा, नऊ, एकोणीस. सर म्हणतात, या बाईंना मोजता येत नाही. 'अविश्वसनीय नोंदी' म्हणून हे फॉर्म बाजूला काढ. काढले की निकाल आरशासारखा लख्ख. जखमा थोड्या कमी चिघळतात आणि धोका काहीच नाही."

"आणि नाही काढले तर?"

"तर ही वेगळीच गोष्ट आहे." त्याने चष्मा खाली ओढला. "या एकेचाळीसमध्ये मास्कवाले बावीस. त्यातल्या पाच जणांचे श्वास आठाच्या खाली गेलेले. आणि त्याच वेळी ऑक्सिजनचा आकडा किती? नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव. ढिम्म हलत नाही. ज्यांना मास्क नव्हता, त्यांचा आकडा लगेच उतरला, यंत्र ओरडलं, सिस्टरांनी हाक मारून जागं केलं. मास्कवाल्यांचं यंत्र गप्पच. त्यांचे श्वास सिस्टरांनी मोजले म्हणून कळलं, मग जागं केलं. मी डॉक्टर नाही मॅडम, असं होऊ शकतं का?"

होऊ शकत होते. वेदनाशामक इंजेक्शनाने श्वास मंदावतो. मास्कमधून भरपूर ऑक्सिजन मिळत असेल तर तुटपुंज्या श्वासांतही रक्ताला तो पुरतो. बाहेर जायला हवा तो दूषित वायू मात्र आत साचत जातो, त्याने गुंगी वाढते आणि गुंगीने श्वास आणखी मंदावतो. पुस्तकात हे पहिल्याच वर्षी शिकवतात. बोटावरचा आकडा श्वासाबद्दल काहीही सांगत नाही, हे बाईंनी स्वतः कितीतरी विद्यार्थ्यांना बजावले होते.

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या.

"मला एवढंच कळतं की खऱ्या गोष्टी वेड्यावाकड्या असतात," सरासरी म्हणाला. मग खिडकीकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, "सगळ्यात सरळ रकाना तुमचा आहे, मॅडम. राग मानू नका."

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर सासूबाई आरामखुर्चीत लवंडल्या. बाईंनी पेपर हातात घेतला, पण तो नुसता धरलेला. डोळे सासूबाईंच्या छातीवर, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या घड्याळाचा काटा.

एक. दोन. मग बराच वेळ काहीच नाही. तीन, चार लागोपाठ. पाच एवढा उथळ की तो मोजावा की नाही कळेना. बाईंनी काट्याकडे पाहिले. मिनिट झाले असेल असे त्यांना वाटले होते, आणि काटा तीस सेकंदांवरही पोचला नव्हता.

मिनिट एवढे लांब असते? रुग्णाच्या छातीकडे पाहत अख्खे एक मिनिट आपण शेवटचे कधी उभ्या राहिलो होतो, हे त्या आठवू लागल्या, आणि आठवत आठवत थेट विद्यार्थिदशेत जाऊन पोचल्या.

"माझ्या छातीकडे काय टक लावून बघतेस गं?" सासूबाईंनी डोळे न उघडताच विचारले. "आहे मी अजून. एवढ्यात सुटका नाही तुझी."

"तेरा," बाई म्हणाल्या.

"काय तेरा?"

"तुमचे श्वास. मिनिटाला तेरा."

"बरे की वाईट?"

"बरे."

"मग मोजतेस कशाला? वाईट असतील तेव्हा मोज." सासूबाईंनी पदर नाकावर ओढला आणि पुन्हा झोपल्या. बाई तशाच बसून राहिल्या. शेजारच्या घरातल्या धुलाईयंत्राने काम संपल्याची वर्दी दिली. उंच, स्वच्छ, एकाच जागी.

सोमवारी त्या जुन्या कागदांच्या खोलीत गेल्या आणि त्र्याहत्तर क्रमांकाचा फॉर्म काढला. तीन वर्षांत त्यांनी तो एकदाही उघडला नव्हता. अक्षर त्यांचे होते. निळी शाई, उजवीकडे किंचित कललेले आकडे. तीन वाजता सोळा. सव्वातीनला सोळा. साडेतीनला सोळा. पावणेचारला सोळा. चारही सोळा एकाच दमात लिहिलेले. शेवटचे दोन तर पेन न उचलता.

त्या दिवशी मोठ्या सिस्टर रजेवर होत्या आणि पुढची शस्त्रक्रिया खोळंबली होती, म्हणून बाईंनी फॉर्म स्वतःच भरून टाकला होता. रुग्ण पोहायला शिकवणारा, सहासष्ट वर्षांचा, खांद्यांनी अजून रुंद. भूल देण्याआधी म्हणाला होता, "डॉक्टर, मी तलावाच्या तळाशी अडीच मिनिटं श्वास रोखून बसायचो. सांभाळा हं, तुमच्या यंत्राला फसवीन." टेबलाभोवतीचे सगळे हसले होते. बाईसुद्धा.

नंतर मास्क चढवलेला, तो गुंगीत. लेकीला दोन मिनिटे आत सोडले होते. तीही त्याच तलावावर शिकवणारी. वडिलांच्या पायाशी ती गप्प उभी राहिली, आणि मग दाराकडे निघालेल्या बाईंना म्हणाली, "डॉक्टर, बाबा फार थांबून थांबून श्वास घेतायत का?"

बाईंनी छातीकडे पाहिलेच नाही. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवले आणि हसून सांगितले, "आकडा बघा ना. नव्व्याण्णव आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला."

चार वाजता त्याला मास्कसकट वॉर्डात नेले. साडेचारला तो निळा पडलेला सापडला. हृदय पुन्हा सुरू झाले, बाकी काही सुरू झाले नाही, आणि तिसऱ्या दिवशी तेही थांबले. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या सुरक्षा समितीने कागद तपासले आणि निर्णय दिला: श्वसन शेवटच्या नोंदीपर्यंत नियमित, हृदयाचा जुना विकार, अभ्यासाशी संबंध नाही.

श्वसन नियमित. बाईंनी फॉर्म घडी न घालता छातीशी धरला आणि त्या शुद्धीच्या खोलीत गेल्या. मोठ्या सिस्टर एका रुग्णाशेजारी उभ्या होत्या, एक हात त्याच्या छातीवर पसरलेला, दुसऱ्या हातात गणवेशाला टाचलेले घड्याळ उलटे धरलेले. बाई थांबल्या. सिस्टरांनी मान वर केली नाही. पुरते मिनिट झाल्यावरच त्यांनी आकडा लिहिला.

"बोला डॉक्टर."

"सिस्टर, तुम्ही दरवेळी पूर्ण मिनिट मोजता?"

"मग? अर्धं मोजून दुप्पट करायला ते काय कापड आहे?" सिस्टर हसल्या, मग बाईंचा चेहरा पाहून थांबल्या. "मला मोजता येत नाही असं सर म्हणतात, ते आलंय माझ्या कानावर. येऊ दे. निवृत्तीला पाच महिने राहिलेत, तेवढे मोजता न येताच काढीन."

"त्या पाच जणांचं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत? आठाच्या खाली गेलेल्या?"

"लिहिलं ना. कागदावर लिहिलं, खाली सही केली. तुम्हीच शिकवलंत, सगळं कागदावर असलं पाहिजे म्हणून." त्यांनी रुग्णाची चादर नीट केली. "मला वाटलं, वाचत असतील कुणीतरी."

त्या बोलण्यात उपरोध नव्हता. म्हणूनच ते बाईंना सहन झाले नाही.

सरांच्या खोलीत लेखाचा मसुदा टेबलावर होता. शुक्रवारी तो पाठवायचा होता. शेजारी दुसरा एक कागद: पुढच्या महिन्यापासून पोटाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर सहा तास मास्क, सर्व वॉर्डांना लागू. त्यावर फक्त सही व्हायची होती. सरांनी बाईंना विद्यार्थिनी असल्यापासून पाहिलेले होते आणि ते त्यांना अजून अगं-तुगंच करीत.

"अगं, सोळा हा काही आकडा नसतो," सगळे ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले. "ती एक प्रकारची सही असते. 'मी पाहिलं, रुग्ण ठीक आहे' याची. मीही आयुष्यभर सोळाच लिहीत आलो."

"तो ठीक नव्हता, सर. आणि मी पाहिलंही नव्हतं."

"समितीनं निवाडा दिलाय. हृदयविकार."

"समितीनं माझा रकाना वाचून निवाडा दिलाय."

सर उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते दुष्ट नव्हते. रात्री-अपरात्री रुग्णासाठी धावत आलेले, विद्यार्थ्यांच्या लग्नात राबलेले सर बाईंनी पाहिले होते. आता त्या पाठीकडे बघताना त्यांना जाणवले की सर घाबरलेले आहेत, आणि आपणही घाबरलो आहोत, फक्त दोघांची भीती एकमेकींकडे पाठ करून उभी आहे.

"तू एकटी नाहीस या फॉर्मांवर," सर म्हणाले. "सतरा जणांच्या सह्या आहेत. तीन वर्षांचं काम पाण्यात जाईल. आणि तुझं काय होईल ते सांगू? चौकशी बसेल. पुन्हा कुणाच्या उशाशी बसू देणार नाहीत तुला. कदाचित कायमचं. वीस वर्षांत दुसरं काय शिकलीस तू?"

बाईंना याचीच तर धास्ती होती. झोपवणाऱ्या बाईंना झोपवू दिले नाही, तर त्या कोण? खाली रस्त्यावर एक मालमोटार मागे येत होती, आणि तिचा इशारा एका स्वरात, जराही न ढळता, खिडकीतून आत येत होता. सरांना तो ऐकूही येत नव्हता.

"तो मास्कचा कागद निघाला," त्या म्हणाल्या, "तर दर दिवशी दहा-बारा जणांना मास्क चढणार. सगळ्यांच्या बोटावर नव्व्याण्णव. आणि मोठ्या सिस्टर पाच महिन्यांनी घरी जाणार."

सर खिडकीकडून मागे वळले. त्यांनी एवढेच विचारले, "शुक्रवारपर्यंत थांबशील?"

"नाही सर. थांबले तर होणार नाही माझ्याच्यानं."

त्याच टेबलाच्या कडेला उभ्या राहून त्यांनी त्र्याहत्तरचा फॉर्म पसरला. चार सोळांवर चार आडव्या रेघा मारल्या, सरळ, खालचा आकडा वाचता येईल अशा. प्रत्येकाशेजारी लिहिले, 'मोजले नाही.' तारीख घातली, सही केली. मग समितीला पत्र लिहिले: माझ्या सहीच्या एकाही फॉर्ममधला श्वासांचा आकडा मोजलेला नाही; मोठ्या सिस्टरांच्या नोंदी मोजलेल्या आहेत; त्या काढू नयेत. पत्राची एक प्रत सरांसमोर ठेवली. सरांनी ती उचलली नाही, पण मास्कचा कागद मात्र न बोलता खणात सरकवला. खणाला त्यांनी कुलूप लावले की नाही, हे बघायला बाई थांबल्या नाहीत.

तलावावर दुपारचा वर्ग चालू होता. साठी उलटलेल्या दहा-बारा जणी कमरेइतक्या पाण्यात कठड्याला धरून उभ्या होत्या, आणि काठावर शिट्टी गळ्यात घातलेली ती, वडिलांसारख्याच रुंद खांद्यांची.

"तोंड पाण्यात घाला, आजी! बुडबुडे काढा!"

"बुडबुडे काढून काढून दात बाहेर येतील गं माझे!"

"मग ते शोधायला बुडी मारायला शिकाल."

हशा पिकला. तिचे लक्ष बाईंकडे गेले आणि शिट्टी तोंडातून खाली आली. इतक्या दिवसांत बाई प्रथमच इथे येत होत्या.

"निकाल लागला?" तिने विचारले.

"नाही. लागणार नाही बहुतेक. मी दुसरंच सांगायला आलेय."

त्या दोघी काठाच्या ओल्या बाकावर बसल्या. बाईंनी सांगितले. आधी ठरवून आणलेली वाक्ये होती, ती एकही आठवली नाही. रकाना, चार सोळा, पेन न उचलता लिहिलेले शेवटचे दोन. मास्कमध्ये आकडा का उतरत नाही ते. समितीने काय वाचले ते. "तुम्ही मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी पडद्याकडे बोट दाखवलं."

ती ऐकत असताना पाण्याकडेच बघत होती. वर्ग चालू असताना ती पाण्यावरून नजर काढत नसे. बाईंचे बोलणे थांबल्यावरही तिची नजर तिथेच होती.

"सात," ती म्हणाली.

"काय?"

"सात होते. मी मोजले होते. मला सवयच आहे ना डॉक्टर, दिवसभर दुसऱ्यांचे श्वासच मोजते मी. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळावर मोजले. मिनिटाला सात. मग तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, नव्व्याण्णव." तिने शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "मला वाटलं, माझंच चुकलं असेल. एवढं मोठं यंत्र. पण तेव्हा सात आहेत असं ओरडून सांगितलं असतं तर? हेच घोकत आलेय मी आजवर. म्हणून फोन करायचे. मला वाटायचं, निकालात कुठेतरी माझे सात निघतील. कुणीतरी म्हणेल, हो, सातच होते."

बाईंना वाटत होते की तो सूर फक्त आपल्याच कानात आहे.

"सातच होते," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं."

मुलीने ओठ दाबले. ती रडली नाही आणि बाईंचा हातही तिने धरला नाही. "तुम्हाला माफ वगैरे करणं मला नाही जमणार," ती सरळ म्हणाली. "निदान आत्ता तरी नाही."

"मी ते मागायला आले नाही. एक मागते. समितीला ते सात लेखी द्याल? फॉर्मवर मी नाही लिहू शकत. ते मी मोजलेले नाहीत."

तिने हजेरीच्या वहीतले पान फाडले. मग लिहिता लिहिता मान वर करून म्हणाली, "डॉक्टर, माझं डोकं खाली आहे तोवर पाण्याकडे बघा. त्या कोपऱ्यातल्या आजींना दम्याचा त्रास आहे. श्वास मोजत राहा त्यांचे. पूर्ण मिनिट. वीसच्या वर गेले तर सांगा."

बाई उठून काठाशी जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीवर पोहणाऱ्यांसाठी लावलेले घड्याळ होते. दर सेकंदाला ते एक बारीक, उंच स्वर काढत होते, न चढणारा, न उतरणारा. या वेळी बाई त्या स्वराकडे कान देऊन उभ्या राहिल्या नाहीत. कोपऱ्यातल्या आजींचे ओले खांदे वर झाले, खाली आले. एक. मागे कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. दोन, तीन. आजी त्यांच्याकडे संशयाने बघू लागल्या.

"काय बघताय हो?"

"बोलू नका," बाई म्हणाल्या. "मोजतेय."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.